घोट्यापर्यंत

असल्फा मेट्रो स्टेशनवर सामान तपासायच्या मशीनमध्ये वनमालाची पिशवी गेली आणि पट्टा थांबला. थांबला तो थांबलाच. मागच्या माणसाने जिभेने च्यक् केलं, त्याच्या मागच्या मुलीने कानातला इअरफोन काढून काय झालं ते पाहिलं, आणि पडद्यासमोर बसलेल्या पोरसवदा शिपायाने मान पुढे काढून विचारलं, "मॅडम, ये पैर है क्या?" वनमाला हसली. दरवर्षी भाद्रपदात कुणी ना कुणी हे विचारतंच. मेणाचे आहेत, बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेचे, लोक नवसाला वाहतात, असं सगळं एका दमात सांगून टाकायला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर पडद्यावर गेली. पडद्यावर नारिंगी रंगाचे पाय होते. गुडघ्याच्या खालपासून बोटांपर्यंत, लहान मुलाचे, एकाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून निजवलेले. वरचे दोन गच्च नारिंगी. खालच्या सगळ्यांना नुसती कड होती. शाळेतल्या पोराने चित्राची रेघ काढावी आणि रंग भरायच्या आधी घंटा व्हावी तशी नुसती कड, आणि आत काही नाही. वनमालाचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मशीन बिघडलं असेल, असं तिला क्षणभर वाटलं, आणि त्या क्षणात तिने मशीन बिघडलेलं असू दे म्हणून चक्क देवाला सांगून पाहिलं. पण बिघडलेलं मशीन वरचे दोन कशाला भरून दाखवील? वरचे दोन तिने स्वतः ओतले होते, गणपतीला गावी जायच्या आधी. खालचे ती गावी असताना तिच्या मुलाने, कृणालने ओतले होते.

तेवढ्यात बाई शिपाई आली आणि पिशवीत हात घालून म्हणाली, "मोमबत्ती अलाउड नहीं है." वनमाला भानावर आली. "मोमबत्ती किधर है, बाई? बत्ती दिखाव ना. पैर को बत्ती नहीं होती." हे तिचं दरवर्षीचं उत्तर. ते मुळात सासऱ्यांचं. माणसाच्या पायात वात असतो, आपल्या पायात वात नसते, असं म्हणून दशरथ स्वतःच खोकला येईपर्यंत हसायचे. बाई शिपायाने वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पाय उचलला, उलटा केला, वास घेतला, आणि तळव्यावर बोट फिरवलं. बोट फिरवताना तिचा चेहरा जरा मवाळ झाला. त्या पायावरून बोट फिरवताना सगळ्यांचाच होतो. मग तिने तो परत ठेवला आणि म्हणाली, "जाइए." वनमालाने पिशवी खांद्याला लावली, आणि आता तिला ती हलकी लागली. डोंगरउतारावरून येताना का लागली नव्हती? लागली होती की. येताना तिला वाटलं होतं, गावाहून आणलेल्या तेलाने खांदा चांगला सुटला, यंदा पिशवी जडच वाटत नाही. वाटेत पानवाल्याला तिने ते तेल घ्यायचा सल्लासुद्धा दिला होता. स्वतःची तिला अशी लाज वाटली की सरकत्या जिन्यावर उभी असतानाच ती मनाशी म्हणाली, वाट लागली तुझी वनमाला, मेणात जन्म घालवलास आणि वजन तेलाच्या नावावर मांडलंस.

गाडी आली. डब्यात गार होतं, बसायला जागा होती. तिने पिशवी मांडीवर घेतली. मेणाला गारवा मानवतो. म्हणून ती रिक्षा सोडून मेट्रो धरते, सप्टेंबरच्या उन्हात रिक्षात ठेवलेल्या पायाची बोटं एकमेकांना चिकटतात. खालून साकीनाक्याचे पत्रे, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले गणवेश सरकत होते. तिने पिशवीत हात घालून तळचा एक पाय चाचपला आणि पोटरीवर नखाने टिचकी मारली. टक्. वरच्याला मारली. काहीच नाही, नखालाच लागलं. शेजारची बाई पाहू लागली तशी वनमाला खिडकीबाहेर बघू लागली, पण बोट आत टिचक्या मारतच होतं. टक्, टक्, टक्. कसं केलं असेल तेही तिला दिसत होतं. साच्यात मेण काठोकाठ ओतायचं, साय धरते तसा कडेने थर धरेपर्यंत थांबायचं आणि मधलं पातळ मेण परत टोपात ओतून घ्यायचं. एका पायाच्या मेणात अडीच-तीन पाय. अक्कल लागते त्याला. थर फार पातळ राहिला तर साचा उघडताना पाय चुरतो, आणि पोराने एकही चुरू दिला नव्हता. हात झकास आहे मेल्याचा, असं कौतुक तिच्या मनात आलं आणि त्या कौतुकाचाच तिला राग आला.

राग कुणावर काढायचा हा प्रश्नच होता. कुर्ल्याच्या चंद्रप्रकाशवर काढावा? पंधरा वर्षं ती त्याच्या दुकानातून मेणाच्या लाद्या घेते. पूर्वी तो चहा मागवायचा, लादीचा कोपरा फोडून दाखवायचा, बघा वहिनी, दुधासारखं पांढरं. यंदा त्याने मोबाइलवरून मान वर केली नाही. "वहिनी, माल वरूनच तुटलाय. जहाज आलं तर आलं. आलं की मोठे लोक गाडी लावून सगळंच उचलतात. तुम्ही पाच लाद्या न्यायच्या टेम्पोतून नाय तर डोक्यावरून. मी कोणाला आधी देणार, तुम्हीच सांगा ना." भाव सकाळी एक आणि दुपारी एक. शेवटी त्याने दोन लाद्या दिल्या, त्याही पिवळट आणि तेल सुटलेल्या, आणि दिल्या त्या उपकार केल्यासारख्या. त्याच्या तोंडावर तिला काहीतरी मारायचं होतं, पण तो खोटं बोलत नव्हता हे तिला कळत होतं. गल्लीतली दिवाळीच्या पणत्यांत मेण भरणारी जया गेल्या वर्षीच कारखान्यात पिशव्या शिवायला लागली. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या करणारा भटवाडीचा म्हातारा साचे भंगारात घालून गावी गेला. अंधेरीला काचेच्या ग्लासात चाफ्याचा वास घातलेलं मेण विकतात म्हणे, तिच्या अख्ख्या पायाच्या चौपट भावाने, आणि ते घेणाऱ्यांना भाव वाढल्याचं कळतही नसेल. म्हणजे मेण होतं. कुठेतरी होतंच. फक्त ते असल्फ्याच्या डोंगरावर चढत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मरोळ नाक्यापर्यंत तिच्या मनाने दुसरीकडेही उडी घेतली होती. कळणार कुणाला? माउलीपुढे ठेवलेला पाय कोण फोडून बघतं? जत्रेत टोपली लावणाऱ्या प्रेमाने सांगितले तेवढे पाय पिशवीत आहेत. दिले की दिवाळीपर्यंत घर चालतं, नवरा भिवंडीच्या गोदामात राबतो त्याच्या पगाराला हात लागत नाही, आणि पुढल्या वर्षी प्रेमा पुन्हा तिलाच सांगते. नाही दिले तर प्रेमा कारखान्याचे घेणार. तिने मागेच दाखवले होते, प्लॅस्टिकच्या पुडीतले गुलाबी पाय, सगळे सरळ, सगळे एकसारखे आणि अर्थातच पोकळ. एकदा ते तिच्या टोपलीत बसले की वनमालाचे पाय तिथे परत येणार नाहीत. म्हणजे धंदा राहायचा तर हे पोकळ पाय द्यायचे. हिशोब सरळ होता. तरी तिचं बोट टक् टक् करत होतं, आणि पिशवीत जे काही वाजत होतं ते कृणालचं पाऊल होतं.

कारण तो पाय कृणालचाच होता. डावा. जन्मतःच आत वळलेला, करंगळी जरा उचललेली. मोठ्या इस्पितळात दर आठवड्याला त्याला प्लास्टर घालायचे, सोडवायचे, थोडा वळवून पुन्हा घालायचे. दशरथ नातवाला खांद्यावर घेऊन जायचे आणि डॉक्टर प्लास्टर कसं भिजवतात, कसं गुंडाळतात ते डोळ्यांत तेल घालून बघायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरंच काही करून पाहिलं होतं, आणि शेवटी मेणावर येऊन टिकले होते; तेव्हा ते नुसत्या साध्या मेणबत्त्या करायचे. कृणाल चार वर्षांचा झाला, आणि पाय सरळ व्हायचा तेवढा झालाय, आता पुढचं ऑपरेशन मोठेपणी, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी दशरथांनी घरीच प्लास्टर भिजवलं. पोराच्या पायाला खोबरेल चोळलं, पोटरीपासून तळव्याखालून फिरवून पुन्हा नडगीपर्यंत एक दोरा लावला, आणि वर प्लास्टर थापलं. दुसरं पोर रडलं असतं. कृणाल प्लास्टरला इतका सरावला होता की खिडकीतल्या कावळ्याकडे बघत निमूट बसला. प्लास्टर ओलं होतं तोवर दोरा ओढला आणि साच्याच्या दोन फाका झाल्या. पहिला पाय निघाला तेव्हा वनमाला घाबरलीच, इतका तो त्याचा होता. दशरथांनी तो आधी स्वतःच्या हातावर तान्हं पोर घेतात तसा घेतला आणि मग तिच्याकडे दिला. "धर गो. हातात घेतल्यार कळाक व्हया, कोणाचो तरी पाय आसा म्हणान. म्हणान भरीव व्हयो." कोळीवाड्यातल्या प्रेमाने तो माउलीला वाहायला सांगितला होता, तिच्या घरचे हिंदूच, पण माउलीच्या जत्रेला त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. एका कडेवर कृणाल आणि दुसऱ्या हातात त्याचाच पाय घेऊन वनमाला बांद्र्याची ती टेकडी चढली होती. दोन्हींकडून सारखंच ओझं. पुढच्या वर्षी प्रेमाने असे आणखी पाय मागितले, आणि तो साचा घराचा धंदा झाला.

पाय काही सरळ झाला नाही. हे सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच बोललं नाही. विसाव्या वर्षी ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली, तरी तो जरा ओढूनच चालतो. आणि त्याचा तो वाकडा पाय इतकी वर्षं जत्रेत जातोय, कुणाच्या मुलाच्या पोलिओसाठी, कुणाच्या सासूच्या गुडघ्यासाठी. प्लास्टरचा साचा झिजतो म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मेणाच्याच पायावरून नवा साचा काढतात. मेण गार होताना चिमूटभर आक्रसतं, म्हणून दर नवा साचा मागल्यापेक्षा किंचित लहान. कृणाल वाढत गेला, त्याला मिशा आल्या, घाटकोपरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो अर्धा दिवस बसू लागला, आणि साच्यातला कृणाल लहान लहान होत गेला. वनमालाला कधीकधी तो लहानवालाच खरा वाटायचा. मोठ्याशी तिचं बोलणं मेणापुरतं आणि जेवणापुरतं उरलं होतं. पिशवी स्टेशनच्या पायऱ्यांपर्यंत तो आणून द्यायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. मेट्रोत तो येत नाही. तपासणीच्या फाटकातून गेलं की पायातली पट्टी वाजते, शिपाई मांडीपासून खाली चाचपत येतो, रांग बघत राहते. बसने जातो, उशीर झाला तरी. आज तो पायऱ्यांपर्यंतही आला नव्हता. दुकानात लवकर जायचंय, म्हणाला होता.

अंधेरीला डबा भरला. दाराशी एक बाई पोराला खांद्यावर टाकून उभी राहिली आणि सवयीने त्याच्या पाठीवर थोपटू लागली. वनमालाने जागा दिली नाही. तिला ती बाई दिसतच नव्हती. तिला गेल्या वर्षीची दुसरीच बाई दिसत होती, प्रेमाच्या टोपलीपुढची. साधीशी, ठाण्याकडची असावी. तिने पाय निवडला, पैसे दिले, आणि प्रेमा पिशवीत घालू लागली तर "नको, राहू दे" म्हणाली. पाय तिने पदरात घेतला, खांद्याशी लावला, आणि वळून चालताना तिचा हात त्या पायाच्या पोटरीवर थोपटू लागला. तिला बिचारीला कळलंही नसेल. गर्दीत ती दिसेनाशी होईपर्यंत हात चालूच होता. तो पाय जड होता म्हणून हात चालला, ह्याबद्दल वनमालाला शंका नव्हती. टक् वाजणाऱ्या पायाला कुणी थोपटत नाही. नवसाने काय होतं, काय होत नाही हे तिने स्वतःच्या घरात पाहिलं होतं, तिला कुणी शिकवू नये. पण त्या बाईच्या हातात ती काय देते, एवढं मात्र तिचं होतं. हे मनात आल्याबरोबर तिचं पिशवीतलं बोट थांबलं.

वर्सोवा आलं. फलाटावर उतरून तिने प्रेमाला फोन लावला. मागे मासळीवाल्यांचा गलका होता. "काय गो, आयलीस? रिक्षात बस नि ये, मी भाकऱ्या थापतंय," प्रेमा म्हणाली.

"प्रेमा, आज नाही आणत. उद्या आणते."

"उद्या? अगो परवा माझी टोपली लागते! काय झाला?"

"पाय बरोबर नाहीयेत."

"मोडले?"

"नाही. पोकळ आहेत."

पलीकडची प्रेमाची थापथाप थांबली. मग तिचा आवाज उतरला. "मंग? कारखान्याचे पन पोकलच हायेत. लोक घेतान. माझ्याकडून तुला कोन बोलनार नाय, वनमाला."

"मला ठाऊक आहे. म्हणून तर सांगितलं."

"उद्या दुपारपर्यंत बघीन. नाय आयलीस तर मी कारखान्याचे उचलनार, मंग रुसू नको."

"नाही रुसत. आणि कमी असतील गं."

"आन आधी. हातात घेऊन बघतंय."

बाहेर पडून ती पुन्हा आत शिरली, पिशवी पुन्हा मशीनमध्ये गेली. या वेळी तिने पडद्याकडे पाहिलं नाही. सगळा परतीचा प्रवास ती ताठ बसून होती. मनात नुसते उद्योग चालले होते: टोप घासायचा, साचे भिजवायचे, शेगडीची काजळी काढायची. दुःख करायला तिला आता वेळ नव्हता, आणि त्याचं तिला बरंच वाटलं.

घरी कृणाल होता. दुकानात गेलाच नव्हता. दारातून पिशवी आत येताना दिसली तरी तो उठला नाही, फक्त पाय पोटाशी घेऊन बसला. वनमालाने पिशवी खाली ठेवली, एक पाय काढला, कागद सोडवला, आणि ओट्याच्या कडेवर आपटला. अंड्याच्या कवचासारखा फुटला तो. करंगळीचं टोक उडून कृणालपर्यंत गेलं.

"प्रेमामावशीने घेतले नाहीत?"

"मी दिले नाहीत."

"का?" तो उसळला. "कोणाला कळलं असतं? चंद्रप्रकाशने दोन लाद्या टेकवल्या, तू गावी जाऊन मोदक खाल्लेस. दोन लाद्यांत भरीव काढले असते ना, तर अर्धी टोपली पण नसती झाली. मी सगळे काढले. सगळे! एक पण चुरला नाही. शाबास तरी म्हण."

"शाबास," वनमाला म्हणाली, आणि ते तिने खरंच म्हटलं. मग दुसरा आपटला.

"आई, थांब ना यार!"

"पोकळ करायचे तर मला सांगून करायचे होतेस. कागदात गुंडाळून, वर माझे दोन ठेवून नाही."

ह्यावर त्याने मान खाली घातली. वरचे दोन त्याने मुद्दामच वर ठेवले होते, हे त्याच्या मानेवरून कळलं. मग एकदम, बऱ्याच दिवसांचं तोंडात धरून ठेवलेलं बाहेर पडावं तसा बोलला. "आणि पाय कोणाचा आहे? माझा आहे ना? मग मी ठरवीन पोकळ का भरीव. आजोबांनी विचारलं होतं मला? चार वर्षांचा होतो मी. सगळ्या मुंबईने माझी वाकडी करंगळी हातात घेऊन बघितली. एवढे भरीव, भरीव करून वाहिलेत, काय झालं? सरळ झाला? सांग ना. झाला सरळ?"

"नाही झाला," वनमाला म्हणाली.

इतक्या वर्षांत हे शब्द या घरात पहिल्यांदाच उच्चारले गेले, आणि छप्पर पडलं नाही. शेगडी होती तिथेच होती, नळाचं पाणी टपकत होतं. कृणाल तिच्याकडे बघत राहिला. तिने काहीतरी आणखी म्हणावं, माउलीच्या मनात काय असेल ते असेल वगैरे, म्हणजे त्याला भांडता येईल, अशी तो वाट बघत होता. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि लहानपणी धरायची तसा तिने त्याचा डावा पाय घोट्याजवळ हातात धरला. त्याने तो ओढून घेतला नाही. केवढा मोठा झाला होता. घोट्याच्या आतल्या बाजूला ऑपरेशनची शिवण होती, आणि ती साच्यात नव्हती.

"माउलीची टेकडी मी हा हातात घेऊन चढले होते," ती म्हणाली. "एका हातात तू, एका हातात हा. सरळ होईल म्हणून चढले, खोटं कशाला सांगू? उतरताना कळलं, नाही होणार. पण उतरताना तू झोपला होतास आणि केवढा जड झाला होतास रे. मला वाटलं, असू दे वाकडा. जड आहे ना. आहे ना माझ्याकडे." नाक ओढून ती म्हणाली, "दुसऱ्या बाईला मी हलका कसा देऊ?"

कृणालने मान फिरवून फुटलेल्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ तो करंगळीचं ते टोक बोटांत फिरवत होता. फिरवून फिरवून ते मऊ झालं. मग तो उठला, ओढत चालत ओट्यापाशी गेला, साच्याच्या दोन्ही फाका जुळवल्या आणि आत बघून म्हणाला, "एवढं सगळं भरायला मेण नाही आपल्याकडे. हे वितळवून पण नाही."

"माहितीय. जेवढे होतील तेवढे."

"थांब ना. ऐक." त्याने साच्यावर नखाने रेघ ओढली. "घोट्यापर्यंत ओतूया. वर पोटरी कशाला पाहिजे? वाकडा तेवढाच होता."

वनमालाने त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता, चिडलेलाही नव्हता. चंद्रप्रकाशच्या दुकानात लादीचा कोपरा फोडून बघतात तसा तो साच्याकडे बघत होता, कामाच्या नजरेने. "घोट्याच्या जरा वर," ती म्हणाली. "हाडाचा उंचवटा आत आला पाहिजे."

"आला पाहिजे," तो म्हणाला.

मग दोघांनी मिळून सगळे फोडले. वरचे दोन भरीवही फोडले. ते तिनेच फोडले, त्याने अडवलं तरी. घरातले जुने उरलेसुरले तुकडेही टोपात टाकले. सबंध दुपार टोपात पाय वितळत होते, बोटं सगळ्यांत शेवटी. खोलीत तो ओळखीचा दिव्याच्या तेलासारखा वास भरला. कृणाल रेघेपर्यंत ओतायचा आणि हात आवरून थांबायचा. मधलं पातळ मेण परत ओतून घ्यायची वेळ यायची, आणि जायची. तो साच्याकडे बघत उभा राहायचा. गार होताना मेण मध्ये खड्डा धरतं, तिथे तो पळीने थोडं थोडं भरत होता. पहिला पाय निघाला तेव्हा त्याने तो हातावर घेतला, वजन पाहिलं, आणि सहज जमिनीवर ठेवला. पोटरीसकटचा पाय कधीच उभा राहायचा नाही. तळवा आत वळलेला म्हणून कलंडायचा, म्हणून ते नेहमी निजवून विकायचे. हा ठेंगणा पाय जरा डुलला, करंगळीकडे झुकला आणि उभा राहिला. कृणालने बोटाने त्याला हलकेच ढकलून पाहिलं, तो पुन्हा डुलून उभाच राहिला. "साला," कृणाल म्हणाला, आणि दुसरा साचा बांधायला घेतला.

प्रेमाने सांगितले होते तेवढे काही झाले नाहीत. पण टोपली रिकामी दिसणार नाही इतके झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पिशव्या भरल्या. एक पिशवी वनमालाने कशीबशी खांद्याला लावली. गावच्या तेलाने सुटलेला खांदा पहिल्या वळणावरच ओरडू लागला, तेव्हा ती मनातून इतकी सुखावली की तिने पानवाल्याला जाता जाता सांगून टाकलं, त्या तेलात काही अर्थ नाही. कृणाल दुसरी पिशवी घेऊन मागून येत होता. स्टेशनच्या पायऱ्यांशी ती सवयीने थांबली आणि त्याच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्याने दिली नाही. "दोन कशा नेशील?" तो म्हणाला, आणि तिच्या पुढे पायऱ्या चढू लागला, एक सरळ, एक ओढत.

पडद्यासमोर कालचाच पोरसवदा शिपाई होता. पट्ट्यावर पिशव्या गेल्या, पडदा गच्च नारिंगी झाला, कुठे फट नाही. त्याने पट्टा थांबवला आणि ओळखीचं हसला. "आज छोटे हैं?" "छोटे हैं, लेकिन पूरे हैं," वनमाला म्हणाली. पलीकडे फाटक वाजलं. कृणाल फाटकात उभा होता. दुसऱ्या शिपायाने त्याला चाचपायच्या लाकडी पायरीवर उभं केलं, हातातलं यंत्र खांद्यापासून फिरवत खाली आणलं आणि डाव्या घोट्याशी ते किंचाळू लागलं. रांग बघू लागली. आता हा फिरणार मागे, असं वनमालाला वाटलं. शिपायाने विचारलं, "पैर में क्या है?" कृणालने बूट काढला, मोजा काढला, वाकडा पाय पायरीवर सगळ्यांसमोर नीट टेकवला आणि हात लांब करून पडद्याकडे दाखवलं.

"वो देखो," तो म्हणाला. "ओरिजिनल ये है."

रांगेत कुणीतरी हसलं. शिपायाने पडद्याकडे पाहिलं, मग खाली, मग परत पडद्याकडे, आणि यंत्र बंद केलं. वनमाला दोन्ही पिशव्यांना हात लावून उभी राहिली. कृणालने सावकाश मोजा चढवला, बुटाची नाडी बांधली, जड पिशवी तिच्याकडून काढून घेतली आणि म्हणाला, "चल, गाडी आली."